सरंदीबच्या राजपुत्रांचा शब्द

एखादा शब्द कोणत्या दिवशी, कोणाच्या लेखणीतून आणि कोणत्या निमित्ताने जन्मास आला याचा लेखी दाखला हाती लागणे ही भाषेच्या इतिहासात विरळा घडणारी गोष्ट आहे. ‘सेरेंडिपिटी’ या इंग्रजी शब्दाच्या वाट्याला मात्र ते भाग्य आलेले आहे. २८ जानेवारी १७५४ या तारखेच्या पत्रात होरेस वॉलपोल याने फ्लॉरेन्सच्या दरबारी असलेला इंग्रज वकील होरेस मान यास असे कळविले की, मानने धाडलेली बियांका कपेल्लो हिची तसबीर पोहोचली, तिच्या घराण्याच्या कुलचिन्हाविषयीचा एक मोलाचा धागा व्हेनिसच्या एका जुन्या पुस्तकात आपणास अवचित गवसला, आणि अशा गवसण्यासाठी आपण स्वतःच एक नाव घडविले आहे. सरंदीबच्या तीन राजपुत्रांची एक बालिश कथा त्याने पूर्वी वाचली होती. ते राजपुत्र वाटचाल करीत असता, ज्यांच्या शोधात ते मुळीच नव्हते अशा गोष्टी यदृच्छेने आणि चाणाक्षपणाने शोधून काढीत, म्हणून त्यांच्या देशाच्या नावावरून हा शब्द. पुढे ही पत्रे १८३३ साली छापून निघेपर्यंत तो शब्द दप्तरातच पडून राहिला. १८७५ च्या सुमारास ग्रंथप्रेमी मंडळींनी तो उचलला, विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी त्याला प्रतिष्ठा दिली, आणि मग तो एकदम चव्हाट्यावर येऊन १९५४ साली न्यूयॉर्कातील एका उपाहारगृहाच्या पाटीवर चढला आणि २००१ साली एका प्रेमपटाचे नाव झाला. आज सोडत लागली, आगगाडीत जुना मित्र भेटला, पावसाने लग्नमंडप वाचविला, की झालीच सेरेंडिपिटी.

या शेवटच्या अवस्थेविषयी वाईतील माझ्या परिचयाच्या दोन वयोवृद्ध गृहस्थांत झालेला वाद येथे नमूद करावा असे मला फार दिवस वाटत होते. त्यांपैकी रावसाहेब हे निवृत्त मामलेदार. उभा जन्म सातबारा, पंचनामे आणि कैफियती वाचण्यात गेल्यामुळे लिहिलेल्या प्रत्येक शब्दाला त्याच्या सहीशिक्क्यानिशी पाहण्याची त्यांना सवय. शास्त्रीबोवांचे अध्ययन न्यायशास्त्राचे. इंग्रजी त्यांनी उशिरा आणि स्वतःच्या बळावर संपादन केलेली, म्हणून तिच्याकडे ते परक्या माणसाच्या घराकडे पाहावे तसे आदराने आणि बारकाईने पाहतात.

“वॉलपोलच्या व्याख्येला दोन अंगे आहेत,” रावसाहेबांनी प्रारंभ केला, “यदृच्छा आणि चाणाक्षपण. दोहोंच्या मध्ये ‘आणि’ आहे, ‘अथवा’ नाही. शिवाय तिसरी अट त्याने बजावून घातली आहे : जी वस्तू आपण शोधीत होतो ती सापडली तर हे नाव देता यावयाचे नाही. आता वर्तमानपत्रांत हा शब्द ज्या अर्थाने येतो तो पाहा. अर्धा दस्तऐवज फाडून उरलेला अर्धा वाचून दाखवावा, असा तो प्रकार आहे. यदृच्छा तेवढी शिल्लक राहिली. जो माणूस पाहतो, थांबतो, विचार करतो, तो शब्दातून बेदखल झाला.”

“पण रावसाहेब,” शास्त्रीबोवा म्हणाले, “ज्या कथेच्या आधारावर तो दस्तऐवज उभा आहे ती कथा आपण मुळात पाहिली आहे काय? मला तर त्या कथेत यदृच्छा फारशी दिसतच नाही.”

कथा रावसाहेबांना मुखोद्गत होती. वाटेत एक उंटवाला भेटतो आणि हरवलेल्या उंटाची चौकशी करतो. राजपुत्रांनी तो उंट पाहिलेला नसतो, तरी ते सांगतात की, तो एका डोळ्याने आंधळा, एका दाताने थोटा आणि एका पायाने लंगडा असून त्याच्या एका बाजूस लोणी आणि दुसऱ्या बाजूस मध लादलेला होता, आणि वर एक गर्भिणी स्त्री बसलेली होती. इतका तपशील ज्याला ठाऊक तोच चोर, असे मानून त्यांना कैदेत टाकण्यात येते. उंट दुसरीकडे सापडल्यावर मग ते आपला पुरावा उलगडून दाखवितात. रस्त्याच्या ज्या बाजूचे गवत हलके त्याच बाजूचे खाल्लेले, म्हणून दुसऱ्या बाजूचा डोळा गेलेला. चघळून पडलेल्या गवताचे बोळे दाताच्या फटीएवढे. मातीत तीन पायांचे ठसे आणि चौथ्याची फरफट. एकीकडे मुंग्यांची रांग, दुसरीकडे माश्यांचा घोळका. आणि उंट जेथे बसला तेथे कोणी दोन्ही हात टेकून जड अंगाने उठल्याच्या खुणा. “याला आम्ही जायमोक्याचा पंचनामा म्हणतो,” रावसाहेब म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात व्यवसायबंधूविषयीचा अभिमान होता.

“आणि आम्ही शेषवत् अनुमान म्हणतो,” शास्त्रीबोवांनी उत्तर दिले. “नदीला गढूळ पूर आलेला पाहून वरच्या खोऱ्यात पाऊस झाला असे जाणणे, हे त्याचे परंपरागत उदाहरण, कार्यावरून कारणाचा निश्चय. त्यात आकस्मिक काय आहे? खुणा वाटेवर होत्या, त्या प्रत्येक वाटसरूला दिसत होत्या. वॉलपोलने कथा आठवणीतून लिहिली, उंटाचे खेचर केले आणि अनुमानाची यदृच्छा केली. दोन भिन्न पदार्थ एका पिशवीत घालून त्याने पिशवीला नाव दिले. आता लोक त्यातला एकच बाहेर काढतात म्हणून त्यांच्यावर रागावण्यात काय हशील?”

येथे एक गोष्ट मध्येच सांगणे अवश्य आहे. वॉलपोलने ज्या कथेला बालिश म्हटले तिची वंशावळ काही सामान्य नाही. ती १५५७ साली व्हेनिस येथे इटालियन भाषेत छापली गेली, आणि त्या पुस्तकाची मुळे पर्शियन काव्यात, विशेषतः दिल्लीच्या अमीर खुस्रोने १३०२ च्या सुमारास रचलेल्या ‘हश्त बिहिश्त’ या काव्यात आहेत. सरंदीब हे अरबी-फार्सी नाव सिंहलद्वीपाचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे. म्हणजे संस्कृतातला एक द्वीपवाचक शब्द अरब खलाशांच्या तोंडी घासला जाऊन, दिल्लीच्या कवीच्या लेखणीतून व्हेनिसच्या छापखान्यात आणि तेथून लंडनच्या एका रसिक उमरावाच्या पत्रात पोहोचला. इंग्रजीतून तो आपल्याकडे पाहुणा म्हणून येतो तेव्हा आपण त्याच्या मूळ गावाचे शेजारी आहोत, याचे स्मरण ठेवून या वादाकडे पाहावे, एवढेच माझे म्हणणे.

शास्त्रीबोवांचा खरा भर पुढे होता. “आमच्या पूर्वसूरींनी हे पदार्थ निराळे ठेवले. पाणिनीच्या पाचव्या अध्यायातील एका सूत्रावर काशिकाकारांनी तीन उदाहरणे दिली आहेत : काकतालीय, अजाकृपाणीय, अंधकवर्तकीय. कावळ्याचे येणे आणि ताडाचे फळ पडणे एकाच क्षणी घडले, हे पहिले. बकरी यावी आणि तिच्या मानेवर तलवार पडावी, हे दुसरे. आंधळ्याने हात पसरावा आणि त्यात लावा पक्षी सापडावा, हे तिसरे. याखेरीज घुणाक्षरन्याय : किडा लाकूड पोखरतो आणि त्या पोखरण्यात एखादे अक्षर उमटते, पण किड्याला अक्षर ठाऊक नसते. पाहा, अनिष्ट योग वेगळा काढला, इष्ट योग वेगळा काढला, आणि कर्त्याच्या अज्ञानाला स्वतंत्र नाव दिले. मराठीनेही हाच विवेक राखला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असे आपण म्हणतो, बोलाफुलाला गाठ पडली म्हणतो, आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतो. लाभ झाला तो झाला. त्याचे श्रेय लाभणाऱ्याने खिशात घालू नये, ही यातील शालीनता आहे. तुमच्या शब्दात ती नाही. तो म्हणतो, मला मिळाले कारण मी चाणाक्ष होतो.”

हा आक्षेप वजनदार होता, आणि रावसाहेब काही वेळ बोलले नाहीत. मग ते म्हणाले, “आपण दिलेल्या सगळ्या न्यायांत एक गोष्ट समान आहे. कावळा, बकरी, किडा, आंधळा. ज्याला योग घडतो त्याला दृष्टी नाही, किंवा असून ती निरुपयोगी आहे. दृष्टी असलेल्या माणसाला योग घडला तर त्यासाठी आपल्या कोठारात कोणता न्याय आहे?”

“दृष्टी असेल तर ते अनुमान.”

“आणि अनुमानाला ज्या खुणेची गरज ती खूण त्याने मागितली नसेल, अपेक्षिली नसेल, ती आपल्या पायांनी चालत त्याच्या दारी आली असेल, तर?” असे म्हणून रावसाहेबांनी जो दाखला काढला तो त्यांच्या संग्रहातील सर्वांत बळकट होता. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म रंटगेन काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या निर्वात नळीतून विजेचा प्रवाह सोडीत असता, काही अंतरावर पडलेला बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा पडदा अंधारात चमकू लागला. नळी झाकलेली होती, प्रकाश बाहेर येण्यास वाव नव्हता. त्या चमकीपाशी तो थांबला. पुढचे काही आठवडे कोणाला न सांगता त्याने त्या अज्ञात किरणांची चौफेर तपासणी केली, आणि २८ डिसेंबरला आपला निबंध सादर केला. “आता याचे दुसरे पान वाचा,” रावसाहेब पुढे म्हणाले. “त्यापूर्वी जवळजवळ सहा वर्षे, २२ फेब्रुवारी १८९० रोजी, अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे आर्थर गुडस्पीड नावाचे प्राध्यापक आणि त्यांचे छायाचित्रकार मित्र विल्यम जेनिंग्ज यांच्या काचपट्टीवर, जवळ अशीच नळी चालू असताना, दोन नाण्यांच्या गोल छाया उमटल्या होत्या. त्यांना उलगडा झाला नाही. पट्टी बाजूस ठेवली गेली. रंटगेनची वार्ता आल्यावर ती पुन्हा बाहेर काढली, तेव्हा कळले की, आपल्या हातून क्ष-किरणांचे चित्र कधीच निघाले होते. त्या सज्जनांनी शोधावर हक्क सांगितला नाही, हे त्यांचे मोठेपण. परंतु यदृच्छा दोघांच्याही दारी सारखीच आली होती ना?”

“आली होती. म्हणजे यदृच्छा समान, अनुमान एकाच ठिकाणी. दोन्ही पदार्थ वेगळे आहेत हेच आपण सिद्ध केलेत.”

“वेगळे आहेत, कबूल. पण जेथे ते एकत्र येतात तेथे घडणारी घटना तिसरीच असते, आणि तिला स्वतःचे नाव हवे. फिलाडेल्फियाच्या घटनेला काकतालीय म्हणा. व्युर्त्सबुर्गच्या घटनेला नुसते अनुमान म्हणालात तर त्या चमकत्या पडद्याचे ऋण बुडते. नुसता योग म्हणालात तर त्या आठवड्यांचे जागरण बुडते.”

माझा कल येथे रावसाहेबांकडे झुकला आणि तो अजून तसाच आहे. लुई पाश्चरने १८५४ साली लील येथील भाषणात, निरीक्षणाच्या क्षेत्रात दैव केवळ सिद्ध मनालाच साहाय्य करते अशा आशयाचे जे विधान केले, त्याचा पुरावा याहून स्पष्ट कोठे मिळावा? पाश्चरच्या त्या विधानाला पुढे दोन वर्षेही लोटली नाहीत तोच, लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन डांबरापासून निघणाऱ्या अनिलिनातून हिवतापावरचे क्विनीन बनवू पाहत होता. हाती आला काळा गाळ, आणि तो मद्यार्काने धुताना दिसला जांभळा रंग. औषध सोडून तो रंगाच्या मागे लागला, आणि कृत्रिम रंगांचा सारा धंदा तेथून उभा राहिला. काळा गाळ फेकून देणारे विद्यार्थी त्याच्या आधीही असंख्य होऊन गेले असतील.

परंतु शास्त्रीबोवा हार मानणारे नव्हते, आणि त्यांचा पुढचा मुद्दा मला आजही अस्वस्थ करतो. “आपण नेहमी तो क्षणच सांगता,” ते म्हणाले. “१९२८ च्या सप्टेंबरात सुटीवरून परतलेल्या अलेक्झांडर फ्लेमिंगला जंतूंच्या काचपात्रात बुरशी आणि तिच्याभोवती जंतू विरघळून गेलेले कडे दिसले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. पण १९२९ चा त्याचा निबंध प्रसिद्ध झाल्यावर ती बुरशी औषध होण्यास जवळजवळ बारा वर्षे लागली, आणि ते काम ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंगसह फ्लोरी आणि चेन यांनाही मिळाले. लोकांच्या स्मरणात मात्र एकटा फ्लेमिंग राहिला. का? कारण गोष्ट त्याच्याजवळ आहे. बुरशीची भांडी मोजीत बसलेल्या माणसांजवळ गोष्ट नाही. आपला शब्द गोष्टीला बक्षीस देतो आणि श्रमाला विसरतो.”

“हे शब्दाचे पाप नव्हे, सांगणाऱ्यांचे.”

“असेल. मग आपल्याच मुलखातला दाखला घ्या. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास रिसाल्यातील जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या शिकारीत वाघूर नदीच्या खोऱ्यात आला आणि अजिंठ्याची लेणी त्याच्या दृष्टीस पडली. शोधत होता वाघ, सापडली चित्रे. आपल्या व्याख्येतील अट तंतोतंत पुरी झाली, आणि पुस्तकांत लिहितात की, स्मिथने अजिंठा शोधून काढला. लेणापूरच्या माणसांना ती लेणी ठाऊक नव्हती काय? ज्या गावाच्या नावातच लेणे आहे त्याला लेण्याचा शोध दुसऱ्याने लावून द्यावा? आणि त्या गृहस्थाने पुढे केले काय, तर दहाव्या लेण्यातील खांबावर, रंगविलेल्या आकृतीवर, आपले नाव आणि तारीख कोरली.” हे सांगताना शास्त्रीबोवांचा आवाज खाली आला. ते नाव त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

रावसाहेबांनीही या ठिकाणी आवाज चढविला नाही. “स्मिथसाठी मी हा शब्द मागतच नाही,” ते म्हणाले. “दोन्ही अंगे हवीत, असे मी आरंभापासून म्हणतो आहे. त्याच्यापाशी यदृच्छा होती. तिच्यापुढे थांबण्याची दृष्टी त्याने कोठे दाखविली? ती पुढे आली. जेम्स फर्ग्युसनने १८३९ मध्ये लेणी पाहून १८४३ मध्ये त्यांवर निबंध वाचला. १८४४ पासून रॉबर्ट गिलने तेथे मुक्काम करून वर्षानुवर्षे चित्रांच्या नकला केल्या, आणि १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली तीत त्यांतील बहुतेक जळाल्या, तरी तो पुन्हा कामाला लागला. ही माणसे जाणूनबुजून अजिंठ्याला गेली, म्हणून त्यांनाही हा शब्द लागू नाही. त्यांना याहून मोठा शब्द लागू आहे, तो म्हणजे निष्ठा. जो शब्द सर्वांना लागू पडतो तो काहीच सांगत नाही, शास्त्रीबोवा. म्हणून तर त्याच्या चतुःसीमा आखून घ्यावयाच्या.”

चतुःसीमा आखावयाच्या तर मराठीत त्या कोणत्या नावाने आखाव्या, यावर बराच खल झाला. ‘योगायोग’ फार व्यापक. त्यात शुभाशुभाचाही भेद नाही. ‘सुयोग’ म्हटले तर पत्रिका जुळविल्याचा भास होतो, ‘कपिलाषष्ठीचा योग’ म्हटले तर केवळ दुर्मीळपणा उरतो, आणि ‘घबाड’ म्हटले तर पैशाचा वास येतो. गीतेतील ‘यदृच्छालाभ’ शास्त्रीबोवांना प्रिय, पण तेथे सारे लक्ष लाभ पाहून संतुष्ट राहण्याकडे आहे. रंटगेन संतुष्ट राहिला असता तर तो रात्री जेवून झोपला असता. मग शास्त्रीबोवांनीच, बहुधा पाणिनीच्या मोहाने, काकतालीयाच्या साच्यात एक नवा समास ओतला : ‘राजपुत्रोष्ट्रीय न्याय’. राजपुत्र आणि उंट, जसे काक आणि ताल. व्याकरणदृष्ट्या तो निर्दोष होता आणि रचनेचे सौंदर्यही त्यात होते. परंतु रावसाहेबांनी तो दोनदा मोठ्याने उच्चारून पाहिला आणि मान हलविली. “हा कोशात सुखाने राहील. बाजारात जाणार नाही.”

“मग आपला?”

“‘डोळस योगायोग’. आपल्या साऱ्या न्यायांत आंधळेपण होते. ते एवढ्याने दूर होते. आणि दोन्ही शब्द घरातले आहेत.”

“डोळसपणा माणसाचा धर्म, योगायोगाचा नव्हे. विशेषण चुकीच्या विशेष्याला लागले.”

“अंधश्रद्धेत तरी आंधळे कोण असते? श्रद्धा की माणूस?”

शास्त्रीबोवा हसले नाहीत. त्यांनी ते मान्य असल्याची खूण केली, आणि मला वाटले की, वाद मिटला. पण त्यांनी अखेरचा कागद राखून ठेवला होता. “आपण वॉलपोलच्या व्याख्येला मूळ खरेदीखत मानता. परंतु त्याच पत्रात तो अशीही बढाई मारतो की, जे हवे असते ते आपण जेथे बुचकळी मारू तेथे सापडते. हवे असलेले सापडणे आणि न शोधलेले सापडणे या दोन गोष्टी एक नव्हेत. म्हणजे स्वतः शब्दकर्त्याचे उदाहरण त्याच्याच व्याख्येबाहेर पडले. खरेदीखतातच खाडाखोड आहे, रावसाहेब.”

“असू द्या,” रावसाहेब म्हणाले. “शब्दावरचा हक्क खरेदीखताने ठरत नाही, वहिवाटीने ठरतो. शंभर वर्षे शास्त्रज्ञांनी, विद्वानांनी तो दोन्ही अंगांसह वापरला. त्यांची वहिवाट सिद्ध आहे.”

“तर मग लोकांचीही आहे,” शास्त्रीबोवा तत्काळ उद्गारले. “पाटीवर, चित्रपटावर, रोजच्या बोलण्यात लोक त्याला नुसता सुदैवी योग म्हणून वापरतात आणि त्यालाही आता दोन पिढ्या होऊन गेल्या. आपल्याच कायद्याने जमीन त्यांची झाली.”

रावसाहेबांनी उत्तर देण्यास क्षणाचाही विलंब केला नाही. या प्रश्नाची वाट ते बराच वेळ पाहत होते असे त्यांच्या मुद्रेवरून दिसले. “वहिवाट अखंड आणि विनाहरकत असावी लागते,” ते म्हणाले. “मी हरकत नोंदवीत आहे.”